अपात्री प्रीती : ख्रिस्ती ईश्वरप्रेमविचाराचा एक आढावा

मराठीत ‘पात्र’ हा शब्द तीन ठिकाणी नांदतो. नदी ज्या भूमीतून वाहते ते तिचे पात्र. पाणी ज्यात भरून घ्यावे ते भांडे, तेही पात्र. आणि देणाऱ्याने हात सैल सोडण्यापूर्वी ज्याचा कस पाहावा असे शास्त्र सांगते तो घेणारा, तोही पात्र, नाही तर अपात्र. महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावून घाटाखाली पोलादपुराशी उतरणारी, महाडास गांधारीचे पाणी पोटात घेऊन बाणकोटाच्या खाडीने समुद्रास मिळणारी सावित्री ज्या मुलखातून वाहते, त्या मुलखाने या तिन्ही अर्थांचे भोग भोगले आहेत. नदी पात्र सोडून बाजारपेठेत शिरलेली तेथील लोकांनी पाहिली आहे. कोणाचे पात्र तळ्यात बुडावे आणि कोणाचे बुडू नये यावर तेथे दंगा झाला व खटला चालला. आणि त्याच खाडीच्या मुखाशी, ईश्वराचे प्रेम पात्रापात्र पाहत नाही असे सांगणारा एक परका धर्मोपदेश दोनशे वर्षांपूर्वी उतरला. ईश्वर प्रेमरूप आहे हे ख्रिस्ती धर्माचे मध्यवर्ती विधान बहुतेकांच्या कानांवरून गेलेले असते. परंतु ते प्रेम कशाने उत्पन्न होते, कोणापर्यंत पोहोचते आणि स्वतः दुःख पावते की नाही, या प्रश्नांवर ख्रिस्ती पंडितांत शतकानुशतके जो वाद चालला, त्याची हकीकत मराठीत एके ठिकाणी क्वचितच वाचावयास मिळते. ती येथे संक्षेपाने मांडण्याचा मानस आहे.

प्रारंभ शब्दांपासून करणे श्रेयस्कर. बायबलाच्या दोन भागांस मराठीत ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ म्हणतात, आणि हा करार शब्द पोथीतला नसून कचेरीतला आहे. खोतीच्या मुलखात वाढलेल्या मनुष्यास करार, कौल, कबुलायत आणि सनद यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही : करारास दोन पक्ष लागतात आणि दोघांवरही अटी बसतात, सनद मात्र देणाऱ्याच्या मर्जीने निघते, घेणाऱ्याने ती फक्त मस्तकी धरावयाची. इस्राएल लोकांच्या धर्मग्रंथांत ईश्वराने केलेल्या ज्या ‘बरीथ’ नामक बंधनांचे वर्णन आहे त्यांत हे दोन्ही प्रकार आढळतात. सीनाय पर्वतावर मोशेच्या द्वारे झालेले बंधन आज्ञांनी आणि अटींनी भरलेले आहे. पण त्यापूर्वी अब्राहामाशी जे बंधन झाले त्यात चिरलेल्या पशूंच्या भागांमधून, म्हणजे शपथेच्या वाटेने, ईश्वराच्या सान्निध्याचा अग्नीच तेवढा चालत गेला, आणि दुसरा पक्षकार जो अब्राहाम तो त्या वेळी गाढ निद्रेत होता. पहिला दस्तऐवज कराराचा, तर दुसरा सनदेचा. आणि ईश्वराचे प्रेम यांपैकी कोणत्या मसुद्याचे, हा वाद तेथपासूनच सुरू होतो.

या बंधनाच्या पोटी जे प्रेम असते त्यास हिब्रू भाषेत ‘हेसेद’ म्हणतात. हा शब्द जुन्या करारात सुमारे अडीचशे वेळा येतो, आणि १३६व्या स्तोत्राच्या सव्वीसच्या सव्वीस चरणांचे पालुपद त्याचेच आहे. केवळ दया किंवा केवळ ममता म्हणून त्याचे भाषांतर होत नाही. शब्दाला जागणारी माया, इमानाने टिकलेला जिव्हाळा, असा काहीसा त्याचा भाव आहे. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातील होशेय संदेष्ट्याने त्याची कसोटी आपल्या संसारात पाहिली. व्यभिचारी निघालेल्या पत्नीस त्याने परत घरी आणले आणि त्या प्रसंगावरून ईश्वराच्या वर्तनाचा अर्थ लावला : दुसऱ्या पक्षाने करार मोडला, म्हणून कायद्याने पहिला पक्ष मोकळा झाला, तरीही तो मोकळा होऊ इच्छित नाही. त्याच ग्रंथात पुढे ईश्वर लेकराला चालावयास शिकविणाऱ्या पालकाच्या रूपाने येतो, आणि तेथे कचेरीची भाषा संपून घराची भाषा सुरू होते.

नव्या कराराने या प्रेमासाठी ग्रीकांच्या शब्दभांडारातून ‘अगापे’ हा त्या मानाने अल्प प्रतिष्ठेचा शब्द उचलला आणि त्यास नवीन वजन दिले. ईश्वर प्रेम करतो एवढेच न म्हणता तो स्वतःच प्रेम आहे, असे योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात दोनदा सांगितले आहे, आणि प्रेमाचा आरंभ आपल्याकडून नसून त्याच्याकडून झाला, असे तेथेच बजावले आहे. तत्त्व पत्रात आले, पण येशूची रीत दृष्टांताची होती. द्राक्षमळ्याच्या धन्याने पहाटेपासून राबलेल्या मजुरास आणि दिवस कलल्यावर आलेल्या मजुरास सारखीच मजुरी दिली तेव्हा पहिल्यांनी कुरकुर केली, हा दृष्टांत भाताच्या लावणीत कंबर मोडेपर्यंत वाकलेल्या पोलादपूरच्या गडीमाणसांस सांगितला तर तीही कुरकुर करतील आणि ती वाजवीच ठरेल. किंबहुना ऐकणाऱ्याने कुरकुर करावी यासाठीच तो दृष्टांत रचला आहे. ईश्वर आपला पाऊस नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाडतो, हे येशूचे दुसरे उदाहरण. पावसाळ्यात ज्यांची भातखाचरे त्यावरच अवलंबून असतात, आणि ज्यांच्या अंगावर डोंगरही त्यानेच येतो, त्यांना हे उदाहरण ऐकताना पुष्कळ काही आठवेल; त्याचा विचार पुढे येणारच आहे.

आता मराठीची अडचण पाहू. अमेरिकन मिशनने मुंबईस १८२६ साली नवा करार मराठीत छापला. तेव्हापासून पुढच्या प्रॉटेस्टंट भाषांतरांत या प्रेमासाठी ‘प्रीती’ हा शब्द रूढ होत गेला. ‘माया’ हा शब्दही घेता आला असता; पण आपल्या बायका लेकरावर माया करतात, आणि वेदान्ती पंडित सबंध जगाला माया म्हणून झटकून टाकतात. एकाच शब्दात आईचा पदर आणि जगाचे मिथ्यात्व अशा दोन्ही गोष्टी जेथे वसतात, तेथे ख्रिस्ती प्रेमतत्त्वासाठी तो शब्द घेण्यात धोका होता. ‘प्रेम’ शब्दात शृंगाराची छटा होती आणि ‘दया’ शब्दात वरून खाली पाहण्याची. प्रीती पत्करली हे योग्यच झाले. परंतु त्यात तोटाही झाला, कारण मराठी मनुष्य ज्या प्रेमापुढे विरघळतो ते मायेचे, लळ्याचे, माउलीचे प्रेम त्या शब्दाच्या बाहेर राहिले. ते आत आणण्यास रेव्हरंड नारायण वामन टिळकांना यावे लागले.

ग्रीक तत्त्वज्ञानाशी गाठ पडल्यावर प्रेमाचा प्रश्न अधिक बिकट झाला. ॲरिस्टॉटलचा ईश्वर जगास चालना देतो तो प्रिय वस्तू प्रेमिकास ओढते तसा; स्वतः मात्र तो कोणावर प्रेम करीत नाही, कारण प्रेम म्हणजे उणीव आणि पूर्णास उणीव कसली? ऑगस्टिनने (३५४–४३०) यावर उत्तर शोधले ते त्रैक्याच्या सिद्धान्तात : प्रेम करणारा, ज्यावर प्रेम केले जाते तो, आणि त्या दोघांतील प्रेम, अशी त्रिपुटी ईश्वराच्या स्वरूपातच अनादिकाळापासून आहे, म्हणून जगाची गरज न पडताही तो प्रेमरूपच असतो, आणि जगावर तो प्रेम करतो ते उणिवेतून नव्हे, तर पूर्णतेतून. बाराव्या शतकात सेंट व्हिक्टरच्या रिचर्डने त्यात भर घातली की दोघांपुरते प्रेम अजून अपुरे असते. तिसऱ्यास त्यात वाटा देण्याची इच्छा झाली म्हणजेच ते पूर्णत्वास जाते.

यापुढील पायरी सर्वांत मोलाची आहे. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस याने असे प्रतिपादले की मनुष्य चांगले पाहून प्रेम करतो, ईश्वराचे प्रेम मात्र वस्तूत चांगुलपणा निर्माण करते. १५१८ साली हायडेलबर्ग येथे मार्टिन ल्यूथरने आपल्या अखेरच्या धर्मशास्त्रीय प्रमेयात हाच विचार अधिक धारदार केला : ईश्वराच्या प्रेमास प्रिय वस्तू आयती सापडत नाही, ते ती घडविते. इतर शेकडो बाबतींत ज्यांच्या परंपरा परस्परांच्या उरावर बसल्या, ते दोघे या एका मुद्द्यावर जवळजवळ एकाच ओट्यावर बसलेले दिसतात. अपात्री दान निषिद्ध मानणाऱ्या शास्त्रकारास येथे प्रत्युत्तर मिळते की दान पात्र शोधीत हिंडत नाही. दानानेच पात्र तयार होते.

तथापि पाप आणि न्याय यांची वाट काय, हा प्रश्न शिल्लक होता. कँटरबरीच्या अँसेल्मने १०९८च्या सुमारास पुरा केलेल्या, ईश्वर मनुष्य का झाला या विषयावरील ग्रंथात ऋण आणि फेड यांचा हिशेब मांडला : मनुष्याने ईश्वराच्या मानाचे देणे थकविले, ते फेडणे मनुष्यास अवश्य पण अशक्य, ईश्वरास शक्य; म्हणून ईश्वरमनुष्याने ते फेडले. हा हिशेब सावकारी वहीसारखा कोरडा वाटतो खरा. पण अँसेल्मच्या मते देणेकऱ्याची बाजू धनकोनेच घेतली हेच तर प्रेमाचे प्रमाण होते. पुढच्या पिढीतील पीटर अबेलार याचे मन त्यात रमले नाही. क्रुसावरचे मरण ही ऋणाची फेड नसून मनुष्याचे कठीण हृदय वितळविणारे प्रेमाचे दर्शन आहे, असा त्याचा कल होता. आजही ख्रिस्ती प्रवचनांत हे दोन सूर आळीपाळीने लागतात.

या वादाची तिसरी आणि सर्वांत कठोर शाखा ‘कोणासाठी?’ या प्रश्नाची. आणि तिचा संबंध थेट आपल्या खाडीशी येतो. कॅल्व्हिनच्या अनुयायांनी १६१८–१९च्या डॉर्ट येथील धर्मसभेत आणि पुढे १६४६च्या वेस्टमिन्स्टर श्रद्धापत्रकात असा सिद्धान्त मांडला की ईश्वराने काहींची निवड अनादिकाळीच केली आहे, आणि ख्रिस्ताच्या मरणाचे तारक फळ त्यांच्यासाठीच आहे. आपल्याकडे वैष्णव पंडितांत मर्कटन्याय आणि मार्जारन्याय यांचा जो वाद झाला त्याची येथे आठवण व्हावी : माकडिणीच्या पोटाला पिलू स्वतः बिलगते, मांजर आपले पिलू स्वतः तोंडात धरून नेते; कॅल्व्हिनपंथी हे कडवे मार्जारवादी, फक्त त्यांची मांजरी सगळीच पिले उचलीत नाही. हेच वेस्टमिन्स्टरचे श्रद्धापत्रक प्रमाण मानणाऱ्या स्कॉटलंडमधून डोनाल्ड मिचेल हा मिशनरी १८२३ साली मुंबई इलाख्यात आला; वर्ष संपण्याच्या आतच त्याचा अंत झाला, पण त्याच्या सोबत्यांनी बाणकोट आणि हर्णे येथे ठाणी घालून मराठी शाळा चालविल्या. पुढे १८२९ साली आलेले जॉन विल्सन यांनीही मराठीचे पहिले धडे हर्ण्यासच गिरविले. हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या मोरभट दांडेकर यांच्याशी मुंबईस विल्सन यांचा जाहीर वाद १८३१ साली झाला. आणि योगायोग असा की त्याच वर्षी स्कॉटिश धर्मसभेने जॉन मक्लाउड कँबेल नावाच्या आपल्याच एका पाळकास, ख्रिस्त सर्व मनुष्यांसाठी मरण पावला असे शिकविल्याबद्दल, पदच्युत केले. म्हणजे खाडीच्या मुखाशी ‘ईश्वर तुम्हा सर्वांवर प्रीती करतो’ असे सांगितले जात असता ते सांगणाऱ्यांच्या मायदेशी ‘सर्व’ या शब्दावरच फिर्याद चालू होती. कँबेलने पुढे १८५६ साली प्रायश्चित्ताच्या स्वरूपावर जो ग्रंथ लिहिला, त्यात ईश्वर आधी पिता आणि मग न्यायाधीश, अशी त्याची मांडणी होती. पुढील काळात इंग्रजी भाषेतील ख्रिस्ती विचाराचा ओघ कँबेलच्या बाजूस वळत गेला.

मराठी मनुष्याने या सगळ्यातून काय घेतले हे पाहणे अधिक उद्बोधक आहे, कारण या काठावर प्रेमाचा विचार मिशनऱ्यांच्या आधीपासून होता. महाडच्या अंगणातच गांधारपाल्याची लेणी आहेत, जेथे ईश्वराचे नाव न घेता करुणेची साधना करणारे भिक्षू राहिले; आणि महाड तालुक्यातच शिवथरघळ आहे, जेथे समर्थ रामदासांनी दासबोध सिद्ध केला असे सांप्रदायिक सांगतात. त्या ग्रंथाच्या चौथ्या दशकात श्रवणापासून आत्मनिवेदनापर्यंत नवविधा भक्तीची जी पायरी बांधली आहे, ती मनुष्य ईश्वराकडे चढतो त्याची. ल्यूथरी परंपरेतील स्वीडिश पंडित अँडर्स निग्रेन याने १९३० साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या ग्रंथात असाच भेद केला : वर चढणारे ते ‘एरोस’, खाली उतरणारे ते ‘अगापे’, आणि ख्रिस्ती प्रेम केवळ दुसरे. हा भेद सुबक आहे, आणि सुबक भेदांविषयी सावध असावे. जेझुइट पंडित मार्टिन डार्सी यांनी १९४५ साली त्यास हरकत घेतली, आणि पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ सालच्या आपल्या पहिल्या परिपत्रात चढते आणि उतरते प्रेम अखेर तोडता येत नाही असे प्रतिपादन केले. पंढरीचा विठ्ठल भक्तासाठी विटेवर तिष्ठत उभा आहे असे मानणाऱ्या वारकऱ्याने तर निग्रेनचे म्हणणे ऐकून केवळ स्मित केले असते.

कोकणातच करजगाव येथे जन्मलेले नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे महत्त्व येथे आहे. १८९५ साली त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, पण आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते मानीत, आणि त्यांनी ख्रिस्तास माउली म्हटले. चौदाव्या शतकात नॉर्विचच्या ज्युलियन या इंग्रज तपस्विनीने येशूस माता म्हटले होते. टिळकांना मात्र तेथवर जावे लागले नाही, ते रूप त्यांच्या रक्तातच होते. भाषांतरकारांच्या ‘प्रीती’च्या बाहेर राहिलेली माया अशा रीतीने अभंगाच्या दाराने आत आली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा प्रवास याहून खडतर : जातिभेद मनुष्यांनी केला, ईश्वराने नव्हे, ही खूण त्यांच्या मनास आधी पटली आणि बाप्तिस्मा मागाहून आला, हे त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचणारा जाणतो. म्हणजे त्यांच्यापुरता प्रेमाचा सिद्धान्त कोणाच्या हातचे पाणी चालते या प्रश्नातून गेला.

पण ज्या प्रेमाचा असा गौरव करावयाचा, ते २२ जुलै २०२१ रोजी कोठे होते, असा प्रश्न महाड तालुक्यात तरी टाळता येणार नाही. त्या दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली आणि महाड शहरात सावित्रीचे पाणी घरांच्या माळ्यांस लागले. त्याआधी २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. २००५च्या जुलैतही याच तालुक्यात दासगाव, जुई येथे दरडी आल्या. नीतिमान आणि अनीतिमान यांवर सारखाच पडणारा पाऊस हा जर प्रेमाचा दाखला, तर हा कशाचा? प्राचीन ख्रिस्ती आचार्यांनी ईश्वर दुःखातीत मानला होता, आणि पित्यानेच क्रुसावर दुःख भोगले असे म्हणणारांस तिसऱ्या शतकात पाखंडी ठरविले होते. जो स्वतः बुडतो तो बुडणाऱ्यास काढील कसा, हा त्यांचा युक्तिवाद क्षुद्र नव्हता. परंतु युद्धाने होरपळलेल्या जपानात १९४६ साली काझो कितामोरी याने ईश्वराच्या वेदनेचे धर्मशास्त्र लिहिले, आणि १९७२ साली जर्मनीत युर्गेन मोल्टमान याने क्रुसावर खिळलेला ईश्वर हाच ख्रिस्ती विचाराचा आरंभबिंदू ठरविला. या विचाराने दरडीचे कारण सांगितले असे नाही. तसे सांगण्याचा आव कोणी आणला तर गाडल्या गेलेल्यांच्या नातलगांनी त्यास उंबरठ्यावरूनच परत पाठवावे. त्याने एवढेच केले की ईश्वरास डोंगरमाथ्यावरून उतरवून ढिगाऱ्यापाशी आणून बसविले. हे उत्तर नव्हे, पण सोबत आहे, आणि शोकाच्या घरी जाणाऱ्यास सोबतीची किंमत माहीत असते.

आता शेवटचा आणि माझ्या मते निर्णायक प्रश्न राहिला : असे प्रेम घेणाऱ्याचा मान राखते काय? २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले, तेव्हा त्यामागे प्रेमाची याचना नव्हती. १९२३ साली सी. के. बोले यांनी कायदेमंडळात आणलेला ठराव होता, १९२४ सालचा महाड नगरपालिकेचा ठराव होता, म्हणजे हक्क होता. त्यानंतर सत्याग्रहींवर लाठ्या चालल्या, तळे बाटले म्हणून १०८ घागरींनी त्याची शुद्धी झाली, आणि तळे खाजगी मालकीचे असल्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी फेटाळला. या प्रसंगाने प्रत्येक प्रेमवादी धर्मास एक ताकीद दिली आहे : पात्रता न पाहता देतो असे म्हणणाऱ्याच्या स्वरात वरून खाली पाहणे फार लवकर शिरते, आणि मेहेरबानी म्हणून मिळालेले पाणी तहान भागविते पण मान खाली घालावयास लावते. ख्रिस्ती समाजासही ही ताकीद लागू आहे. गोव्यातील चर्चच्या बिरादऱ्यांत जात दीर्घकाळ टिकली आणि दक्षिणेत देवळातल्या बैठकी जातवार राहिल्या, तेव्हा प्रीतीचा उपदेश कमी पडला नव्हता. म्हणून कचेरीतला तो करार शब्द टाकून देऊ नये. ईश्वराचे प्रेम सनदेसारखे विनाअट उतरते हे खरे मानले, तरी ते ज्याच्याकडे येते त्यास ते पक्षकार करते, बोलण्याचा अधिकार देते, प्रसंगी ईश्वराशी भांडण्याचाही; जुन्या कराराची स्तोत्रे अशा भांडणांनी भरलेली आहेत. अनुग्रह आणि हक्क यांची अशी सांगड जेथे तुटली तेथे प्रेमाची दया झाली.

पंडिता रमाबाईंनी आपल्या निवेदनात लिहून ठेवले आहे की इंग्लंडात फुलहम येथे, समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनींमध्ये असताना योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शमरोनी स्त्रीची कथा त्यांच्या कानी पडली आणि ख्रिस्ताच्या प्रेमाचा अर्थ त्यांना तेथे उलगडला. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला; पुढे दुष्काळात अनाथ झालेल्या मुली त्यांनी मध्य प्रांतातून आणल्या, आणि केडगावास मुक्तिसदनाबरोबर पतित मानलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ही उभे केले. ती कथा विहिरीची आहे. यहुदी आणि शमरोनी यांच्यात व्यवहार नव्हता. काही भाषांतरकार तेथील ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘एकाच पात्रातून घेत नसत’ असाच करतात. भर दुपारी येशू विहिरीवर बसला आहे, त्याच्यापाशी पाणी शेंदावयास पोहरा नाही, आणि जिच्या हातचे चालत नाही अशा बाईजवळ तो पाणी मागतो. प्रेमाचा दाता येथे याचक होऊन येतो. ती प्रश्न विचारते, वाद घालते, आणि अखेर घागर विहिरीवरच ठेवून गावाकडे धावते. ईश्वरप्रेमाच्या स्वरूपावर लिहिलेल्या जाड ग्रंथांचा मथितार्थ मला या एका मागण्यात दिसतो : जो अपात्र ठरविलेल्याच्या भांड्यातून पाणी पितो, त्याने पात्रापात्राचा निवाडा कायमचा निकालात काढला.

पावसाळ्यानंतर पोलादपुराकडून महाडाकडे येताना सावित्री शांत वाहताना दिसते. तिला हे पात्र कोणी आखून दिलेले नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण युगानुयुगे झिजवून तिने ते स्वतः केले आहे.